कुरईच्या घाटातले डावे चाक

आई, त्या दिवशी तू माझे म्हणणे ऐकून घेतले नाहीस. का घेतले नाहीस, याचे उत्तर मला तुझ्याकडून मिळाले नाही. दुसऱ्याकडून मिळाले, आणि तेही तू गेल्यावर. ज्या वयात तू वाडीच्या यार्डात पदर खोचून ट्रकांभोवती फिरत होतीस, त्या वयाचा मी आता झालो आहे. गेल्या आठवड्यात नाक्यावर माझ्या मोटारीपुढे एक मालट्रक उभा राहिला. त्याच्या मागच्या चाकातून जळका वास येत होता. तुझी सून म्हणाली, "कोणी टायर जाळून राहिलं वाटते." मी म्हणालो, टायर नव्हे, ब्रेकचे लायनर. तिने माझ्याकडे असे पाहिले, की जन्मभर लेखापरीक्षण केलेल्या माणसाला हा वास कुठून कळला, असा प्रश्न तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसला.  तो वास डोक्यातून जाईना, म्हणून आज हे लिहायला बसलो.

बाबा गेल्यावर तीन ट्रक तुझ्या अंगावर आले. लोकांना वाटले, तू ते विकशील. तू यार्डातल्या पत्र्याच्या खोलीत चूल मांडलीस, ड्रायव्हरांना जेवायला वाढू लागलीस आणि वाढता वाढता त्यांची चौकशी करू लागलीस. तुझा संशय हा स्वभाव होता की व्यवसायाची गरज, हे मला अजून ठरवता आलेले नाही. कोणी मुकाट्याने जेवला तरी तुला शंका येई आणि कोणी भाजीची स्तुती केली तर अधिकच येई. भाकरी टाकण्याआधी ओली बोटे तव्यावर झटकून तू तव्याचा ताप पाहायचीस. ट्रक फाटकातून आत आला, की तीच ओली बोटे घेऊन तू बाहेर यायचीस आणि ड्रायव्हर खाली उतरण्याच्या आत एकेका चाकाच्या ड्रमवर, ब्रेक ज्यावर आवळतो त्या लोखंडी डब्यावर, दोन थेंब उडवायचीस. थेंब नुसते ओघळले तर ठीक. चुरचुरले तर ड्रायव्हरच्या ताटात त्या दिवशी भाकरीसोबत प्रश्नही पडत.

तिन्हींतल्या नव्या ट्रकला हवेचे ब्रेक होते. त्यांचे तत्त्व मला तेव्हाच नीट समजले होते, कारण समजल्याशिवाय मला चैन पडत नसे. पेडल दाबले, की टाकीतली हवा चाकाजवळच्या डबीत शिरते, ती एक आडवा दांडा फिरवते, आणि त्या दांड्याच्या टोकामुळे आतली लायनर लावलेली पट्टी ड्रमवर दाबली जाते. पाय काढला, की हवा फस्सकन बाहेर पडते आणि स्प्रिंग सर्व काही जागेवर ओढून घेते. दाबणे हवेचे काम, सोडणे स्प्रिंगचे. सोडण्यात कसूर झाली, तर चाक चालत असतानाही घासत राहते आणि तापत जाते. या ट्रकची मागची लायनरे जळत होती. दोन्ही चाकांची, डाव्याची अधिक. डावा ड्रम उघडला तेव्हा आत निळसर डाग पडले होते आणि केसासारख्या बारीक चिरा गेल्या होत्या.

तो ट्रक काका चालवत. ते माझे सख्खे काका नव्हते. बाबांचे पहिले ड्रायव्हर. बाबांना ते दादा म्हणत आणि तुला वहिनी. बाबा धंतोलीच्या दवाखान्यात होते तेव्हा हा माणूस जिन्याच्या पायरीवर बसून होता, आणि बाबा गेल्याचे मला त्यांनीच सांगितले. सिवनीकडून येताना ते आमच्यासाठी सीताफळे आणत. तू ती घ्यायचीस, पण सीताफळाकडे पाहून तुझ्या कपाळावर आठी चढे. "फळ आणलं म्हणजे काहीतरी लपवून राहिले," असे तू मला आत येऊन म्हणायचीस. आणले नाही, तर म्हणायचीस, "आज फळ नाही. मंग नक्कीच काही झालं."

काका म्हणाले, "वहिनी, मागचं डावं चाक सुटून नाही राहिलं."

तू म्हणालीस, "चाक नाही सुटून राहिलं, का तुम्ही घाटात गिअर सोडून राहिले, भाऊजी?"

 या आरोपाचा अर्थ तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होता. काही ड्रायव्हर घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकत. इंजिन अडवत नाही, डिझेल वाचते, आणि वाचलेले डिझेल रस्त्यातच विकले जाते. मग भरलेल्या गाडीचा सारा भार ब्रेकवर येतो आणि लायनरे जळतात. तू ज्याला या गोष्टीत धरलेस, त्याला पुन्हा किल्ली दिली नव्हतीस. आधीचे दोघे असेच गेले होते.

यार्डातल्या मिस्त्रीने चाक जॅकवर उचलले आणि हाताने फिरवले. "वहिनी, हे तर भिंगरीवानी फिरते. कुठं अडकून राहिलं?" काका पागोट्याच्या शेवाने मान पुसत राहिले. तुझे थेंबही एकसारखी साक्ष देत नव्हते. एका खेपेला डाव्या चाकावर चुरचुरत, दुसऱ्या खेपेला निमूट ओघळत. जबाब बदलणाऱ्या साक्षीदारावर तू कधीच विश्वास ठेवला नाहीस.

मी नुकताच बी.कॉम. झालो होतो आणि पुराव्याविषयी माझी मते ठाम होती. मी म्हणालो, घाटातला ताप वाडीपर्यंत टिकत नाही. पाहायचे तर घाटाच्या पायथ्याशी पाहिले पाहिजे. तू तव्यावरची भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, "मंग तूच जाय त्याच्यासंगं. क्लीनरले सुट्टी दे. त्याच्या हाताकडे पाहाजो, तोंडाकडे नाही. चहा देईन तर घेजो, पण त्याच्या बोलण्यावर मुंडी हलवजो नको."

कटनीहून चुन्याच्या गोण्या भरून आम्ही परत निघालो. जातानाचा सारा प्रवास काका गप्पा मारत होते. येताना सिवनी सुटल्यावर त्यांनी बोलणे बंद केले. कुरईचा घाट सुरू होण्याआधी त्यांनी गाडी बाजूला घेतली, माझ्याकडे वळले आणि डावा हात गिअरच्या दांड्यावर ठेवला.

"पाहून घे बाबू. हात इथं आहे. आता खाली पोहोचेपर्यंत इथंच राहीन."

"मी काही पाहायला आलेलो नाही, काका."

"मंग काहून आला? सागाची झाडं मोजाले?"

मी त्या हाताकडे पाहतो आहे. जाड बोटे, नखांत ग्रीस, मनगटावर काळा दोरा. इंजिन ओरडते आहे, वळणावर चुन्याचा भार एका बाजूला झुकतो आणि सीटखालून मला ढकलतो. मध्येच हवा फस्स करते. हात हलत नाही. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, बैलाच्या चालीने उतरते आहे. मागचा ट्रक हॉर्न वाजवून वाजवून शेवटी पुढे निघून जातो आणि त्याचा ड्रायव्हर काकांना काहीतरी अर्वाच्य बोलतो. काका शांतपणे म्हणतात, "जाऊ दे त्याले. त्याच्या बाजूले कोणी बसवलं नाही." मला तेव्हाच शंका आली, की या पाहणीला अर्थ काय? कोणी पाहत असताना माणूस जसा वागतो, त्यावरून तो एरवी कसा वागतो हे सिद्ध होत नाही.

पायथ्याशी मारुतीचे लहानसे ठाणे आहे, रस्त्याच्या डाव्या अंगाला. तिथे घाट उतरलेली गाडी थांबतेच. मी माझ्या बाजूचे दार उघडून उतरेपर्यंत काका पलीकडून उतरून फेरा मारून आले होते. त्यांनी रांजणातून लोटा भरला आणि माझ्या डोळ्यांदेखत मागच्या डाव्या चाकावर ओतला. वाफेचा लोट उठला. दुसरा लोटा. तिसरा.

"काका, हे काय करता?"

"गाडीचे पाय धुवावं लागते बाबू. देवापुढं आली ना ते."

मी उजव्या चाकांजवळ हाताचा मागचा भाग नेला, धग जाणवली. डाव्या मागच्या चाकाजवळ नेला; पाणी ठिबकत होते, बाकी काही नाही. जे पाहायला मी इतक्या लांब गेलो होतो, तेच नेमके धुऊन टाकले गेले होते. मला संताप आला. हेतुपुरस्सर केले असेल का? पण देवलापारपर्यंत विचार करताना मला त्यात एक विसंगती दिसली. डावे चाक अधिक तापते, हे तर काकांचेच म्हणणे होते. स्वतःच्या बाजूचा पुरावा कोण धुऊन टाकील? गुन्हेगार इतका मूर्ख नसतो. किंवा इतका मूर्ख दिसण्याइतका हुशार असतो. मी दोन्ही शक्यता तोलत बसलो.

मनसरला चहासाठी थांबलो. देवलापारपासून रस्ता सपाट होता आणि ब्रेक मोजकेच लागले होते. मी पुन्हा चाकांभोवती फेरी मारली. उजवी चाके निवली होती. डावे मागचे चाक, जे पाण्याने गार केले गेले होते, ते इतके तापले होते की हात जवळ नेववेना. आई, मला तो क्षण स्वच्छ आठवतो.  बाकीची चाके तापून निघाली आणि निवून पोहोचली. हे एकटे गार निघाले आणि तापून पोहोचले. हा घाटातला ताप नव्हताच. पाय काढल्यावरही हे चाक घासत होते. लोट्यातल्या पाण्याने पुरावा पुसला नव्हता. मोजमापाला कोरी सुरुवात करून दिली होती.

यार्डात शिरलो तेव्हा हे सगळे तुला क्रमाने सांगायचे मी मनात मांडून ठेवले होते. आधी नळावर तोंड धुतले. परत येतो तर तू चाकाजवळ उभी. मी बोलू लागलो. तू हात वर केलास.

"थांब गा. तुझं नंतर."

तू मिस्त्रीला हाक मारलीस. "चाक गरम आहे तवाच उचल. आन भाऊजी, तुम्ही वर बसा. पेडल दाबा. आता सोडा." हवा सुटली. "आता फिरव." मिस्त्रीने जोर लावला. चाक हलेना. त्याने दोन्ही हातांनी ओढले तेव्हा ते कण्हत पाव वळसा फिरले. त्या आधी मिस्त्रीने ते थंड असताना, पेडल न दाबताच फिरवले होते. भिंगरीसारखे का फिरणार नाही! तो आडवा दांडा काढला तेव्हा त्याच्या बुशमध्ये, ज्या नळीत तो फिरतो तिच्यात, ग्रीसचा थेंब नव्हता. लाल गंज होता. तापला की तो दांडा तिथे आवळून बसत होता, आणि स्प्रिंगला परत ओढता येत नव्हता.

"इथं पाणी कुठून आलं?" मिस्त्रीने विचारले.

काका वरून, सीटवरूनच म्हणाले, "मारुतीपाशी ओततो मी. दादा ओतत होते. त्याईच्या मागं मी बंद कसं करू?"

तू त्या गंजावरून बोट फिरवलेस. मग म्हणालीस, "पाय धुवाचे तर समोरच्या चाकाचे धुवा, तेही निवल्यावर. तपल्या तव्यावर तांब्याभर पाणी ओतते काय कोणी? तडकन नाही तर काय होईन." क्षमेचा शब्द तुझ्या तोंडून निघाला नाही. उलट तू म्हणालीस, "पोरगा बसला होता म्हणून गिअरात आले असान."

"मंग रोजच बसवा त्याले," काका म्हणाले. "मले बी सोबत होते."

मिस्त्री हसला आणि लगेच गप्प झाला, कारण तू हसली नव्हतीस. पण दुसऱ्या दिवशी किल्ली काकांच्याच हातात होती, आणि डोळे अधू होईपर्यंत ती त्यांच्याच हातात राहिली.

मनसरचे माझे अनुमान तू कधीच ऐकले नाहीस. 'तुझं नंतर' म्हणालीस, ते नंतर आले नाही. मला ते फार लागले. इतकी वर्षे मी हाच संशय धरून होतो, की तुझ्या लेखी मी ड्रायव्हरांपेक्षा विश्वासू नव्हतो. की तू मला पाठवलेस ते मला गुंतवून ठेवायला आणि उत्तर तुला आधीच ठाऊक होते. तुझ्या तेराव्याला काका आले होते. हाताला धरून आणावे लागले. जेवण झाल्यावर ओसरीत बसलो असताना मी सहज तो विषय काढला आणि म्हणालो, आईने माझा शब्दसुद्धा ऐकला नाही.

काका म्हणाले, "कशी ऐकन? मीच नको म्हटलं तिले. तू नळावर होता तवा. म्हटलं, वहिनी, पोराले इचारू नका. ते माह्या बाजूनं आहे, मी चोर असलो तरी बाजूनंच बोलन. तुम्ही चाक पाहा."

 काका सुपारी चघळत पुढे म्हणाले, "वहिनी म्हणे, मले मालूम आहे."

आई, मी जन्मभर इतरांच्या साक्षी तपासल्या, आणि ज्या दोन माणसांनी माझी साक्ष तपासली, त्यांनी ती बाजूला ठेवण्यासारखीच ठरवली. त्यात चूक कुठे आहे, हे मी आज सकाळपासून शोधतो आहे. हे पत्र कुठे टाकायचे नाही, म्हणून एवढे लिहितो. घाटात मी तो हात डोळे न मिटता पाहिला आणि तो हलला नाही, हे खरे आहे. पण तो न्यूट्रलवर गेला असता, तर तुला येऊन सांगितले असते की नाही, ते मला आजही खात्रीने म्हणता येत नाही.