राणीच्या थडग्याखालचा कोपरा

नेपल्स, २१ मार्च १९८१

प्रिय ओर्नेल्ला,

तुझं पत्र सोमवारी आलं आणि आज शनिवार. पाच दिवस ते माझ्या कोटाच्या खिशात आहे. उत्तर लगेच लिहायला हवं होतं, पण हात धजावत नव्हता. तब्येतीचं म्हणशील तर ठीक आहे. अजून मी चर्चमागच्या खोलीतच झोपतो. नोव्हेंबरच्या भूकंपापासून आपल्या इमारतीला खालपासून वरपर्यंत लाकडी टेकू दिलेत, आत जायला बंदी आहे. फादर एजिदिओ रोज सूप पाठवतात आणि ते पाणचट का आहे याचं कारणही रोज सांगतात.

तू वर्तमानपत्रात वाचलंस ते कसं घडलं, ते आधी सगळं सांगतो. मला जसं आठवतं तसं. कात्रणात बरंच गाळलंय.

आईला पुरून तू स्टुटगार्टला परत गेलीस, त्यानंतर आठवड्याभरात फादरनी चर्चचं दार बेघरांना उघडून दिलं. सदतीस माणसं आली. गाद्या, शेगड्या, एक पोपट, आणि मासेवाली नुन्त्सिएल्ला. तिनं आल्या आल्या सगळं चर्च फिरून पाहिलं आणि उजव्या बाजूला राणीच्या थडग्याखालचा कोपरा पकडला. तिथं वारा लागत नाही. शिवाय तिची सून मेना सातव्या महिन्यात होती. दुसऱ्या दिवशी पाहतो तर राणीची शवपेटी खांद्यावर घेतलेल्या त्या चार संगमरवरी बायकांच्या गळ्यांतून दोरी ओवलेली, आणि दोरीवर मुलांचे लंगोट! मी ओरडलो, तर म्हणते, "अहो लिबोरिओ, सहाशे वर्षं उभ्या आहेत बिचाऱ्या, काहीतरी कामाला येऊ देत." आणि पेटीवर कोरलेल्या, झोपलेल्या राणीकडे बघून, "हिची हनुवटी बघा, अगदी माझ्या नणंदेसारखी. शिल्पकाराला पुरेसे पैसे दिलेले दिसत नाहीत हिनं."

तुला आठवतं ना राणीचं तोंड? लहानपणी तू तिला भीत होतीस. बाकीच्या राजेराण्या देवदूतासारख्या कोरल्यात, हिला मात्र कारागिरानं जशी होती तशीच ठेवली. गळ्याखाली लोंबणारी कातडी, एक पापणी दुसरीपेक्षा जड. तेहतीस वर्षं मी तो चेहरा पुसतोय. तिथं बोट फिरलं की मला कळतं कुठं काय आहे.

म्हणूनच मला ते कळलं. जानेवारीत, तीन राजांचा सण झाल्यावर, मी धूळ पुसत होतो. त्या चार संगमरवरी बायकांतली मागच्या बाजूची, सुरईतून पाणी ओतणारी. तिच्या मानेशी माझं नख आत गेलं. केसाएवढी फट होती, पण ती पूर्वी नव्हती. मी खाली पाहिलं. बरोब्बर तिच्याखाली मेना कुशीवर झोपली होती, पोटावर हात ठेवून.

मी कुणाला काही बोललो नाही. फटीवर कागदाची पट्टी चिकटवली, इंजिनिअर लोक करतात तशी. जागा सरकली तर पट्टी फाटते. चौथ्या दिवशी ती फाटलेली होती. मी स्वतःला म्हटलं, उंदीर असेल. दुसरी चिकटवली. तीही फाटली. ओर्नेल्ला, तेव्हापासून ट्रक गेला की मी त्या मानेकडे बघायचो. पोपट ओरडला तरी बघायचो. सांगितलं तर सरकारी माणसं चर्चला टाळं लावणार, आणि ही सदतीस माणसं भर थंडीत जाणार कुठं? बेघरांसाठी बंदरात एक जहाज होतं, ते तुडुंब भरलेलं. नाहीतर शहराबाहेर चिखलात राहायला पत्र्याचे डबे. नाही सांगितलं, तर ते दगड.

शेवटी फादरना सांगितलं. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "लिबोरिओ, पोरगी बाळंत होईपर्यंत थांबू या. देव आहे." मी म्हटलं, "फादर, देव नोव्हेंबरमध्येही होता."

मग मी नुन्त्सिएल्लालाच तिथून हलवायचं ठरवलं. म्हटलं, डावीकडं जा, तिकडं ऊन येतं. ती म्हणाली, वाराही येतो. म्हटलं, राणीचा आत्मा फिरतो म्हणतात. तर हसून लोळायची बाकी राहिली. "फिरू दे की! मेनाचे पाय चेपून देईल. राणी असली म्हणून काय झालं, बाईच ना?" सगळं चर्च हसलं. मीही हसलो. रात्री सगळे झोपल्यावर मी तिसरी पट्टी चिकटवली.

फेब्रुवारीच्या दहा तारखेला तिसरी पट्टी फाटली आणि मी उठून शिल्पं सांभाळणाऱ्या कचेरीत गेलो. धाडसानं नाही. मला त्या छपराखाली आता श्वास घेता येत नव्हता, म्हणून. दुसऱ्या दिवशी एक तरुण इंजिनिअरबाई आली, शिडीवर चढली, दिवा धरून बघितलं आणि खाली उतरली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "कधीपासून माहीत होतं तुम्हाला?" तिनं विचारलं. मी म्हटलं, कालपासून. दुपारपर्यंत चर्च रिकामं करायचा हुकूम आला.

ती दुपार मी विसरणार नाही. गाद्या गुंडाळल्या जात होत्या, पोरं रडत होती, बाहेर लष्कराचे ट्रक उभे होते. कुणीतरी सांगितलं की कचेरीत गेलेला माणूस मीच. नुन्त्सिएल्ला माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आधी अहोजाहो करायची, आता एकदम अरेतुरेवर आली. "दिवस भरलेली बाई रस्त्यावर काढलीस तू! कशासाठी? एका दगडी राणीचं नाक शाबूत राहावं म्हणून? अरे, स्वतःची बायको वाचवता आली नाही तुला, आणि दगडाची बाई वाचवायला निघालास! कुठं होतास रे त्या दिवशी?" फादर मध्ये पडले. "तो इथं होता. संध्याकाळची प्रार्थना आवरत होता, सगळ्यांना माहीत आहे." ती माझ्या पायाशी थुंकली आणि मेनाला घेऊन ट्रकमध्ये चढली. मी एक शब्द बोललो नाही. फादरना वाटलं, मी मोठ्या मनाचा आहे.

चौदा तारखेला, शनिवारी संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला, जमीन पुन्हा हलली. कारागिरांनी तोवर दोनच टेकू लावले होते. त्या पाणी ओतणाऱ्या बाईची मान तुटली, पेटीचा कोपरा खाली आला आणि मागोमाग राणी. जिथं मेनाची गादी असायची तिथल्या फरशीचा भुगा झाला. राणीचं मस्तक कानापासून फुटलं. वर्तमानपत्रात लिहिलंय की 'निष्ठावान रखवालदार शेवटपर्यंत जागेवर उभा होता.' कोणी उभा नव्हता. पहिला हिसका बसताच मी चौकात होतो. आवाज मी बाहेरून ऐकला.

मेनाला शेवटी बंदरातल्या त्या जहाजावरच कशीबशी जागा मिळाली, तिथंच ती बाळंत झाली, मुलगी झाली. दोन आठवड्यांपूर्वी नुन्त्सिएल्ला तळलेल्या मांदेल्यांचं पुडकं घेऊन आली, सगळ्या गल्लीदेखत तिनं माझा हात कपाळाला लावला आणि हमसून हमसून रडली. "माझी जीभ झडो," म्हणाली. पोरीचं नाव त्यांनी लिबोरिया ठेवलंय. बिचारीचं काय होणार शाळेत, देव जाणे. ईस्टरनंतरच्या रविवारी बाप्तिस्मा आहे, आणि धर्मपिता मीच व्हायचं म्हणून तिनं हट्ट धरलाय. वेदीसमोर उभं राहून, पोर हातात घेऊन, मला शपथ घ्यायची आहे. तेव्हापासून मला जेवण जात नाही.

आणि मग सोमवारी तुझं पत्र आलं. कात्रण चौकटीत लावून तू आईच्या फोटोशेजारी टांगलंस. लिहिलंस, 'आईला तुमच्यासारखा माणूस लाभला, याचंच मला समाधान. तुम्ही त्या दिवशी घरी असता तर ती आज असती.' ओर्नेल्ला, ते कात्रण भिंतीवरून काढ. मी घरी होतो. त्या रविवारी प्रार्थना लवकर आटोपली होती, आणि फादर गेल्यावर मागचं न आवरताच मी घरी आलो होतो. तुझ्या आईच्या पलंगाशेजारी खुर्ची टाकून मी टीव्हीवर फुटबॉलचा सामना बघत होतो. खिडकीची तावदानं फुटली, कपाट चालत पुढं आलं, आणि मी उठलो आणि पळालो. खुब्याचं हाड मोडलेली बाई उठू शकत नाही हे मला माहीत होतं. तरी पळालो. नंतर लोकांनी विचारलं तेव्हा तोंडातून चर्चचं नाव निघालं, आणि मग ते मागं घेता आलं नाही. जमीन थांबल्यावर मी वर जायला निघालो, पण तिसऱ्या मजल्यापुढचा जिना उरला नव्हता. सकाळी बंबवाल्यांनी शिडी लावली. ती पलंगावरच होती, अंगावर ओरखडाही नव्हता. डॉक्टर म्हणाले, हृदय. किती वाजता, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. हे मी नुन्त्सिएल्लालाही सांगणार आहे, बाप्तिस्म्याच्या आधी. पण पहिल्यांदा तुला कळायला हवं होतं. तुला मला कधीच पत्र पाठवायचं नसेल तर नको पाठवूस. एकच गोष्ट उरली. तिनं मला पळताना बघितलं. ती ओरडली नाही, थांब म्हणाली नाही. म्हणाली, "लिबोरिओ, जोडे घाल, काचा आहेत." आणि मी मोज्यांनिशीच चार जिने उतरलो.

तुझाच,
पपा