राजपथाचा चढ

१२ डिसेंबर, गुरुवार. दिल्ली

झालं ते क्रमाने.
१. अकरा वाजता मुलाखत. समोर तिघे. सगळे प्रश्न महामार्गाच्या आखणीवर.
२. बाराला म्हणाले, जागा तुमची. एक फेब्रुवारीपासून, इथेच. शुक्रवार, २० तारखेपर्यंत कळवा.
३. बाबा बाहेर कट्ट्यावर बसलेले. कसं झालं? ठीक.
४. जागा मिळाल्याचं सांगितलं नाही.

बाबांना सोबत आणलं ते वेगळ्या कारणाने. बत्तीस वर्षं रस्त्याच्या कामावर मुकादम. दर २६ जानेवारीला टीव्हीवर परेड सोडून तिच्याखालचं डांबर बघतात. त्या रस्त्याचं नाव बदलून कर्तव्यपथ झालं, त्यांचा अजून राजपथच. उद्या चालणार. इंडिया गेट ते विजय चौक.

१३ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी साडेआठ. विरळ धुकं. माझं पाऊल ७० सेंमी. पावलं मोजायचं ठरवलं होतं. तीनशेनंतर सुटलं.

इतकी सरळ रेषा मी आजवर फक्त कॉम्प्युटरच्या पडद्यावर काढली आहे. इथे ती जमिनीवर आहे. दोन्ही बाजूंना हिरवळ, पाण्याचे कालवे, जांभळांच्या रांगा. समोर टेकडीवर राष्ट्रपती भवनाचा घुमट, अगदी मध्यावर. आमच्याकडे काळ्या मातीत रस्ता उन्हाळ्यात फाटतो, पावसाळ्यात फुगतो. नांदगाव खंडेश्वरकडचा, बाबांच्या टोळीने केलेला रस्ता दोन वर्षांत लाटांसारखा झाला. तिकडून जायचं ते अजून टाळतात.

निम्म्यावर बाबा उकिडवे बसले. हनुवटी गुडघ्याला, एक डोळा मिटलेला. कामावर उतार असाच बघायचे. पोलीस शिट्टी वाजवत आला. बाबूजी, कुछ गिर गया क्या?
"नई, लेव्हल देख रहा."
मग त्यालाच विचारलं, पावसाळ्यात पाणी कुठे थांबतं. दोन वर्षं ड्युटी इथेच, पण त्याने कधी पाहिलं नव्हतं. जरा ओशाळला.

विजय चौकाच्या अलीकडे बाबा थबकले. पन्नासेक पावलं मागे गेले. परत पुढे आले.
"तो घुमट काऊन बुडून राह्यला?"
मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.
"जवळ आलं का मोठा दिसाले पायजे. हा खाली चालला. चढ चुकला इथं. खालून उभं राहून कोनी पाह्यलंच नाई."

हे मी येताना गाडीत मोबाईलवर वाचलं होतं. शंभरेक वर्षांपूर्वी याच चढावरून इथल्या दोन वास्तुविशारदांचं बिनसलं. ज्याचा घुमट, त्याला हे कळलं तेव्हा उशीर झाला होता. बाबांना नेमकं तिथे उभं करून समजावायचं, असं ठरवून आले होते. सांगितलं. पण आता तो नुसता दुजोरा होता. आपलं बरोबर निघाल्याचा त्यांना आनंद झालेला दिसला नाही.
"मंग त्या मानसाले झोप नसन लागली," म्हणाले. थोड्या वेळाने, "पन पाह्य न, केवढं केलं."

मी चार वर्षं चढ-उतारांची गणितं करते. मला हे वाचून कळलं, त्यांना चालून. अंगावर काटा आला. रस्त्यामुळे की बाबांमुळे, नक्की सांगता येत नाही.

१४ डिसेंबर, शनिवार. गाडीत

बाबांनी डब्यात सगळ्यांना घुमटाची गोष्ट सांगितली. समोरचा बडनेऱ्याचा माणूस म्हणाला, मंग मामा, दुरुस्त करूनच यायचं न. बाबा गंभीरपणे, "टोळी नवती सोबत."

इटारसीनंतर हळूच विचारलं, तुह्या कामाचं काय झालं? म्हटलं, कळवतील.
खोटं. नोंद असू दे.

१६ डिसेंबर, सोमवार. अमरावती

ऑफिस. अचलपूर रस्त्याखालून पाणी काढणाऱ्या मोरीचं ड्रॉइंग तपासलं. दोन चुका, दोन्ही माझ्याच.

इथून अकोला दोन तास. दर शनिवारी जाते. आई गेल्याला तीन वर्षं. बाबा जुन्या शहरात एकटे. संध्याकाळी मोर्णा नदीच्या पुलाशी त्यांची चार माणसं जमतात, रस्त्यांना नावं ठेवतात. दिल्लीत त्यांना बोलायला फक्त मी. आणि मी बोलत नाही.

ते नसतील तर दिल्ली नको, असं वाटतं. मग वाटतं, तो रस्ता पुन्हा…

१७ डिसेंबर, मंगळवार

समोर विचारलं तर बाबा आधी जा म्हणतील, विचार मागाहून करतील. म्हणून लिहून पाठवायचं. तीनदा खोडलं. शेवटी हे पाठवलं, ९.१० ला:

"बाबा, दिल्लीची जागा मिळाली आहे. गुरुवारीच सांगितलं होतं त्यांनी. मी तुमच्यापासून लपवलं. काम रस्त्यांचंच आहे. तुम्ही सोबत राहायला याल का? माझ्यासाठी हो म्हणू नका. पुलावरच्या मंडळींना सोडून जमेल का, ते बघा आणि खरं सांगा. मला शुक्रवारी त्यांना कळवायचं आहे. तुमचं उत्तर गुरुवारी, १९ तारखेला संध्याकाळपर्यंत पाठवा."