आक्काची परवानगी

लातूर, रविवार, दिवेलागण

आज आईसोबत भूकंपात पडलेल्या आमच्या जुन्या गावी गेले. कॉलेजच्या शाश्वत पर्यटनाच्या प्रकल्पासाठी पाहुण्यांची पायवाट आखायची होती. आधी गावकऱ्यांना विचारायचं, असं सरांनी शिकवलंय. मी ते आईला हसत सांगितलं.

तिनं चपला काढल्या आणि आमचं घर होतं त्या मोकळ्या रानाकडं हाक मारली, "आक्का, पोरगी लोकं आणायचं म्हणायलीय, घर बघायला. आणू दे का?"

आक्का म्हणजे आईची मोठी जाऊ, त्या पहाटे घरातच गाडली गेलेली.

आई कान देऊन थांबली.

"काय म्हणली?" मी का विचारलं?

"न्हाई म्हणती. घर झाडून व्हायचंय अजून."

सगळीकडं गुडघाभर गवत. आईसमोरची जागा तेवढी स्वच्छ, पानसुद्धा नाही. मी आखणीची दोरी गुंडाळली आणि आईच्या आधी रस्त्याकडं चालू लागले.