गाठ तुझी नव्हती म्हणून

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण आज लिहायला बसलेच. परवा ऑफिसात मी हट्टाला पेटले आणि तुझी फार आठवण आली.

मला देवासला नोकरी लागली तेव्हा तू धारहून बसच्या कंडक्टरबरोबर डबा पाठवायचीस. आपल्या धारकडच्या बाग गावच्या छापाचं फडकं, वर तुझी दुहेरी गाठ, टोक आत खोचलेलं. वाटेत कुणी हात घालू नये म्हणून बजावायचीस, "गाठ माझी नसेल तर खाऊ नकोस हो!" एकदा गाठ साधीच निघाली. कंडक्टर म्हणतोय, "अरे दीदी, माताजी के घर से ही लाया हूँ," माझ्या पोटात कावळे ओरडतायत, आणि मी डबा तस्साच परत धाडते. दुसऱ्या दिवशी दारात तू! हात प्लास्टरमध्ये, बरोबर शेजारच्या काकू. हात मोडला म्हणून गाठ त्यांनी मारली होती. मला वाटलं, आता बोलणी खाणार. तू मात्र काकूंना म्हणालीस, "बघा, माझी लेक आहे!" मग माझ्यासमोर त्यांच्याकडून फडकं बांधून घेतलंस. "आजपासून यांचीही गाठ चालेल." एवढ्यासाठी मोडका हात घेऊन इंदूरला बस बदलून आलीस, धन्य तुझी!

आता मी कंपनीची लिनक्सवरची मशीनं सांभाळते. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअर पॅकेजवर ते बनवणाऱ्याची डिजिटल सही असते. ती त्याचीच आहे ना, हे आमच्याकडे ठेवलेल्या त्याच्या किल्लीने तपासायचं, मगच पॅकेज आत. परवा एकाची सही जुळेना. किल्लीच नवी. काम ठप्प. साहेब डोक्यावर उभे, "मैडम, चेकिंग बंद करो और डाल दो!" मी नाही म्हटलं. "तो फिर कल से मत आना," इथवर गेले. तरी ऐकलं नाही गं. बनवणाऱ्यांनी जुन्या किल्लीने सही करून नवीची हमी दिली होती, ती शोधली. शिवाय त्यांना फोन लावून नव्या किल्लीची अक्षरं एकेक ताडून पाहिली. संध्याकाळ झाली. किल्ली खरीच निघाली.

साहेब चिडले, "देखा? फालतू में दिन गया!" मी म्हटलं, डबाही खराच होता, सर. त्यांना काय कळणार! पण आज सकाळी त्यांनीच बोलावलं आणि कंपनीच्या स्वतःच्या पॅकेजांवर सही करायची किल्ली माझ्या ताब्यात दिली. आता आमची मशीनं माझी सही पाहिल्याशिवाय घरचंही काही आत घेत नाहीत. अश्शी ऐटीत बसलेय ना!

त्या किल्लीला परवलीचं वाक्य लागतं. मी तुझ्याच तोंडचं एक घातलंय. कोणतं, ते लिहीत नाही. हे पत्र कुठेच जायचं नाहीये, तरी नाही. आणि खरं सांगू? तू समोर असतीस तर तुलाही सांगितलं नसतं. तू मग काकूंना हाक मारून पुन्हा म्हणाली असतीस, "बघा, माझी लेक आहे!"