कार्न जेरॅगची शेवटची पावलं

किंग्यूसी,
२१ सप्टेंबर

प्रिय एफी,

पत्र मिळालं. तुझी तब्येत सुधारली हे वाचून बरं वाटलं. इथे सगळं ठीक आहे. हॅलिफॅक्सला सफरचंदं महागली हे कळवायला तू अर्धं पान खर्च केलंस आणि मुद्द्याचं दोन ओळींत उरकलंस: "आता माझं येणं होईलसं वाटत नाही. राहिलेलं शिखर तू एकटीच करून टाक."

ठीक. काल गेले.

एका हिवाळ्यापुरती मुलाकडे जाते म्हणालीस, म्हणून आपल्या शिखरांच्या यादीतलं शेवटचं, कार्न जेरॅग, तेवढं मागे ठेवलं होतं. तीन हिवाळे झाले. शेवटच्या शिखरावर कुणी एकटं जात नाही, हे तुलाही ठाऊक आहे. असो.

जंगलाच्या फाटकापासून सायकल घेतली. खडीचा रस्ता होता तसाच आहे, वाराही समोरूनच. पूर्वी तू पुढे असायचीस आणि तो तुझ्या रुंद पाठीवर अडायचा. काल सगळा माझ्या वाट्याला आला.

फाटकाशी लॅक्लन भेटला. हो, तोच, माझ्या वर्गात मागच्या बाकावर झोपणारा. आता शिकारीचं रान राखतो.

"मास्तरीणबाई, एकट्याच? नेहमी सोबत असणाऱ्या धाकट्या बाई कुठे?"

"कॅनडात. सफरचंदांचे भाव बघतेय."

"वरच्या धारेनंच जा बरं का. खाली आज शिकार आहे. पाहुण्यांनी हरीण समजून तुम्हालाच टिपलं, तर अहवाल मला लिहावा लागेल."

"तुझं शुद्धलेखन आठवतंय मला. जपून जाईन."

ओढ्यापाशी हेदरच्या झुडपांत सायकल आडवी लपवली आणि चढायला लागले. फार वेळ लागला. चिखल होता. चिखल दर वेळी असतो, तेव्हा ते कारण नव्हे.

माथ्याजवळ ढग फाटले. समोर शिखराच्या खुणेचा दगडांचा ढीग, फार तर दहा पावलांवर. ढिगाला हात लागल्याशिवाय शिखर झालं असं धरायचं नाही, हा नियम तुझा. ग्लेन अफ्रिकला भर गारांत तू मला त्यासाठी पुन्हा वर पिटाळलं होतंस आणि स्वतः खाली उभी राहून केक खाल्ला होतास.

मी तिथेच बसले. चीजचं सँडविच खाल्लं. वारा पाठीत शिरत होता आणि "इश्बेल, टोपी घाल" म्हणायला कुणी नव्हतं. मी टोपी घातली. मग उठले आणि खाली निघाले.

खाली सायकल सापडेना. झुडपं सगळी सारखी. आपण सायकली लपवायचो तेव्हा वरच्या फांदीला लाल रुमाल बांधायचीस तू. मी त्याला पोरकटपणा म्हणायचे. काठी आपटत ओढ्याकाठी येरझारा घालत होते, तेवढ्यात लॅक्लन आपल्या गाडीतून उतरला.

"काय हरवलं, बाई?"

"काही नाही."

"मग त्या 'काही नाही'चं चाक इथे दिसतंय." त्यानं सायकल उचलली. "झालं का शिखर? बाटली काढू?"

"नाही झालं."

"ढग होते?"

"नव्हते. दहा पावलं राहिली."

"दहा? अहो, रांगत गेला असतात तरी—"

"लॅक्लन, मला रांगता येतं. जायचं नव्हतं."

सायकल गाडीत टाकून त्यानं मला घरापर्यंत सोडलं. मी नको म्हटलं नाही, यावरून काय ते समज.

तर, एफी. नोव्हेंबरात माझा उजवा खुबा बदलणार आहेत. नंतर डोंगर जमेल का विचारलं, तर डॉक्टर खिडकीबाहेर बघून पावसाबद्दल बोलले. म्हणजे चढायचं तर ऑक्टोबरातच. तुझे बूट मी तेल लावून ठेवलेत. लाल रुमाल वरच्या खणात सापडला.

तू सांगितलंस तसं करून पाहिलं. माझ्याच्यानं होत नाही.

माथ्याच्या दहा पावलं खाली थांबलेली
तुझी
इश्बेल