एकही करवंटी उपडी नाही

किहीम,
९ एप्रिल २०२५

सौ. अनुसूयावन्सं यांस,

मी वयानं मोठी म्हणून आशीर्वाद, आणि तुम्ही शिकलेल्या म्हणून नमस्कार. दोन्ही पाठवतेय, हवं ते ठेवून घ्या. इकडे सगळं बरं. वाडीत यंदा आंबे कमी, माकडं जास्त. माणगावात तुमचे गुडघे काय म्हणतात?

हे भार्गवी लिहितेय. मी बोलेन तेच उतरव, अशी नातीला तंबी दिलीय. ती विचारत होती, "आजी, 'न्हाय' लिहू की 'नाही'?" म्हटलं, 'नाही' लिही बाई, नाहीतर वन्सं पत्र तपासून परत पाठवतील.

तुमचं पत्र पोचलं. किनारा साफ करणाऱ्या आपल्या मंडळाच्या डिसेंबरातल्या शिबिराचं प्रमुखपद तुम्हाला हवंय. रविवारच्या सभेत ते ठरणार, तेव्हा मी तुमच्या बाजूनं बोलावं, असं लिहिलंय. भार्गवीकडून दोनदा वाचून घेतलं. कानाला गोड लागलं.

मंडळाची सात देशांतली माणसं फोनवर सभेला एका वेळी जमवायची, तर तुम्ही वेळांचा तक्ता छापलात. मी ओटीवर सात करवंट्या मांडल्या. जागा असेल तो देश उताणा, झोपलेला उपडा. आपला चारचा चहा उकळतो तेव्हा जपानची युको जेवायला बसते आणि चिलीची रोसा डोळे चोळत असते. मी मराठीत बोलते, फोन त्यांच्या भाषेत लिहितो. त्या लिहितात, फोन मला वाचून दाखवतो. कुणाची सासू खोकते, तेसुद्धा मला ठाऊक आहे.

म्हणून तर पोर्तुगालच्या मारियानं आधीच सांगितलं होतं, की मागच्या सभेच्या रविवारीच त्यांच्याकडे घड्याळं तासभर पुढे करतात. मी तुम्हाला लगेच फोन केला. तुम्ही म्हणालात, "वहिनी, छापलंय ते बरोबर आहे. तुम्ही नुसती आठवण करून द्या." दिली, तुमच्या तक्त्याप्रमाणे. माझी चूक एवढीच, की करवंटीपेक्षा कागदाला मोठं मानलं. मारियाची सगळी माणसं तासभर आधी आली, रिकाम्या सभेत बसली आणि निघून गेली.

मग तुम्ही सगळ्यांसमोर लिहिलंत, "आवडावहिनींना लिहितावाचता येत नाही, त्यामुळे घोटाळा झाला. क्षमस्व." फोननं मला ते कौतुकानं वाचून दाखवलं. सात भाषांत गेलं. युकोनं विचारलं, "आजी, तुम्ही शाळेत का नाही गेलात?"

मी म्हटलं, वन्संना विचारून उत्तर देईन.

भार्गवी थांबली. लिही गं. तुझी आत्तेआजी आहे, मोडून पडायची नाही.

वन्सं, प्रौढशिक्षणाचा वर्ग तुम्हीच घ्यायचात, दुपारी, देवळामागच्या पडवीत. मी दोन दिवस आले. पाटीवर 'आ' काढला, वाकडा, पण काढला. तिसऱ्या दिवशी तुम्ही सगळ्या बायकांदेखत म्हणालात, "वहिनी, तुम्ही इथे बसलात तर माझी भाकरी कोण भाजणार? गार भाकरी मला चालत नाही." सगळ्या हसल्या. मीही हसले. तुम्ही हजेरीपट उघडून लाल रेघ ओढलीत. मला अक्षर कळत नव्हतं, रेघ कळली. पुढची आठ वर्षं, तुमचं लग्न होईतो, भाकरी गरमच वाढली. एकदाही करपवली नाही. त्याचा आता पश्चात्ताप होतो.

तर रविवारी सभेत युकोच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही लिहायचं. स्वतः, भाकरीसकट. शुद्धलेखन तुमचं चांगलं आहे. नाही लिहिलंत तर मी बोलेन, आणि फोन माझा एक शब्द गाळत नाही. शिबिराचं काय ते मग बघू.

तब्येतीचं कारण काढू नका, सभा अंथरुणातूनही होते. सातही घरी मी जातीनं विचारून वेळ काढलीय. आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच, मारियाकडे दुपारचा एक, रोसाचा नाश्ता, युकोची निजानीज व्हायच्या आधी. एकही करवंटी उपडी नाही.

वेळेवर या. हजेरी मी घेणार आहे.

तुमच्या पटावरची खोडलेली,
आवडा