चारपट दुर्बीण

१२ जून, बुधवार

स्वस्ति श्री! विटक्लिप वन्यजीव मंडळाचे अधिकृत व अद्वितीय (कारण दुसरा नाहीच) नेमबाज, प्राथमिक शाळेचे गणिताध्यापक, चर्चच्या पितळी वाद्यवृंदातील द्वितीय तुतारीवादक, नऊ शेळ्यांचे अधिपती (दहावी तरसाने नेली), श्रीमती साबिना यांचे एकमेव हयात जामात, श्रीमान आल्फेउस हारासेब यांनी आज प्रातःकाळी पिकअपच्या मागच्या चाकावर आसनस्थ होऊन ही रोजनिशी आरंभिली आहे.

कारण गंभीर आहे. मंडळाने नव्या दुर्बिणीसाठी साडेतीन हजार डॉलर मंजूर केले. अर्थात आपले, नामिबियाचे. तेवढ्या रकमेत बंदुकीवर बसेल अशी दुर्बीण शोधण्याचे कार्य मजवर सोपविले आहे.

गतवर्षीचा वृत्तांत लिहिणे अप्रिय आहे, पण लिहितो. हंगामातला पहिला गेम्सबॉक, म्हणजे लांब शिंगांचे मोठे हरीण, गावातील वृद्धांचा, हा आमचा नियम. जुलैत मी त्या पहिल्या गेम्सबॉकवर गोळी झाडली. लागली, पण मागे, मांडीच्या वर. दोन दिवस रक्ताच्या थेंबांमागे चाललो. तिसऱ्या दिवशी थेंब संपले. तो खडकांत कुठे, किती वेळाने मेला, ठाऊक नाही. अकरा वृद्धांनी भात आणि डब्यातले मासे खाल्ले. जुन्या दुर्बिणीत आतून धुके साचले होते, असा अहवाल मी सादर केला. मंडळाने तो स्वीकारला.

यंदा मुहूर्त ६ जुलै. पुन्हा जनावर घायाळ होऊन निसटले, तर बाहेरचा नेमबाज आणायचा, असा ठराव झाला आहे. तो अर्धे मांस स्वतः नेतो.

१५ जून, शनिवार

सभा. अध्यक्षा एल्फ्रीडाबाईंनी फोनवर एक दुर्बीण दाखविली. चोवीस पट, आत लाल ठिपका, रात्री चमकतो. किंमत आमच्या आवाक्यातली. मी मात्र चारपट घ्यावी, असे सुचविले.

मी सविस्तर निरूपण केले. मोठी पट म्हणजे जनावरासोबत आपल्या हाताचा कंपही चोवीस पट. आपल्याच छातीचे ठोके काचेत दिसू लागतात. शिवाय त्या किमतीत चोवीस पट देणारा कारखाना काचेत काटकसर करणारच. आपण झुडपांत शंभर-दीडशे पावलांवरून मारतो, चंद्रावरून नव्हे.

एल्फ्रीडाबाई शांतपणे म्हणाल्या, “मास्तर, चोवीस मोठे की चार?”

चोवीस हे चारापेक्षा मोठे, हे या गावाला मीच शिकविले. पंचवीस वर्षे शिकविले. त्याची शिक्षा आज भोगली. अखेरीस मते समसमान पडली आणि निर्णय दुकानात जाणाऱ्यावर, म्हणजे मजवर, आला.

१९ जून, बुधवार

ओत्जिवारोंगो शहर. दुकानदार डिटमार हा सत्तरीचा, स्वतः शिकारी. त्याने काउंटरवर तीन दुर्बिणी मांडल्या. पहिली ती चोवीसपट, लाल ठिपक्याची, नव्या नवरीसारखी. दुसरी वापरलेली चारपट, नाव घासून गेलेले, नळीवर दोन ओरखडे. तिसरीची किंमत ऐकून मी ती हातातून अलगद खाली ठेवली.

उन्हातला फलक वाचू नका, असे तो म्हणाला. उन्हात बाटलीच्या बुडातूनसुद्धा छान दिसते. पलीकडच्या औषधाच्या दुकानाच्या दारात, सावलीत बघा. तिथे काय दिसते, ती खरी काच. मग चोवीसपटीचे पट बदलण्याचे कडे मागे-पुढे फिरवून दाखविले. फिरविताना आतली नेमाची फुली बाजूला सरकत होती. धक्का बसला की असेच होईल, म्हणाला. स्वतःच्या मालाची निंदा करणारा व्यापारी मी प्रथमच पाहिला.

सावलीत पाहिले. तिन्हींत सारखेच किंचित धूसर. दुकानाची काच पुसलेली नसावी.

चारपट घेतली, बसविण्याच्या कड्यांसह. न पटल्यास दोन आठवड्यांत परत, पण नवा ओरखडा नको. जुने दोन त्याने कागदावर काढून ठेवले. असा मनुष्य देशाचा अर्थमंत्री हवा!

२० जून, गुरुवार

सासूबाईंनी दुर्बीण उलट्या बाजूने डोळ्याला लावली. बराच वेळ पाहिले. म्हणाल्या, “जावईबापू, शेळ्या पार लांब गेल्या की. पैसे देऊन हेच आणलंस?”

२२ जून, शनिवार

कोरड्या नदीपात्रात नेम जुळविणे. शंभर पावलांवर खोका, त्यावर दुधाच्या डब्याचे झाकण ठोकलेले. बंदूक वाळूच्या पोत्यांवर. हवा निश्चल, चित्त निश्चल.

पहिली गोळी वर डावीकडे. दुसरी उजवीकडे, खाली. तिसरी सार्वजनिक हितार्थ अन्यत्र गेली.

स्क्रू आवळले. पुन्हा तीन. पुन्हा नक्षत्रमंडळ! सहाव्या गोळीला फुली नीट दिसावी म्हणून मान पुढे नेली, आणि धक्क्यासरशी दुर्बिणीची कड भुवईवर आदळली. सुबक अर्धचंद्र उमटला आहे. रक्त नाकाच्या शेंड्यापर्यंत.

एल्फ्रीडाबाई पिकअपपाशी उभ्या होत्या. चोवीस हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. नुसते पाहिले.

२३ जून, रविवार

अर्धचंद्र धारण करून तुतारी वाजविली. गालाबरोबर भुवई ताणते, हे शरीरशास्त्र आज कळले. दोन स्वर गाळले. कोणाच्या लक्षात आले नाही, हे अधिक दुःखद.

२५ जून, मंगळवार

डिटमारला पत्र सिद्ध. चार पाने. “आपण विश्वासाने दिलेली वस्तू विश्वासघातकी निघाली” येथून आरंभ. शनिवारी बसने जाऊन दुर्बीण परत करणार, पत्र स्वहस्ते देणार. चोवीसपट आणावी लागेल. एल्फ्रीडाबाईंना ते सांगण्याचे वाक्य अद्याप जुळत नाही.

२६ जून, बुधवार

दुर्बीण काढायला बंदूक घेऊन बसलो होतो, तेव्हा रोझविता उइसेस आली. मंडळाची गस्तदार. बारा वर्षे या डोंगरांत पायी फिरून जनावरांची गणना करते. पाचवीत माझ्या वर्गात होती. भागाकारात कच्ची. परवान्यासाठी मागे कधीतरी गोळ्या झाडल्या होत्या, त्यानंतर बंदुकीला हात नाही.

“परत देण्याआधी मी तीन मारून बघू का, मास्तर?”

पात्रात गेलो. नवे झाकण. ती पोत्यांवर आडवी झाली, दस्ता खांद्याला लावून दोनदा मागेपुढे सरकली, आणि मग इतकी स्वस्थ झाली की मला ती झोपली असे वाटले. तीन गोळ्या.

झाकण मी स्वतः काढून आणले. तिन्ही भोके माझ्या अंगठ्याखाली झाकली जात होती.

ती रिकामी काडतुसे वेचत होती. बराच वेळ वेचत होती, तीनच होती तरी.

“दुर्बीण चांगली आहे,” ती म्हणाली.

मी म्हणालो, शनिवारी वारा होता.

“हो,” ती म्हणाली. “शनिवारी होता थोडा.”

वारा नव्हता. पानही हलत नव्हते.

२७ जून, गुरुवार

भिंतीवरच्या दिनदर्शिकेसमोर उभा राहिलो. उजवा डोळा मिटला, सर्व तारखा दिसल्या. डावा मिटला, जून महिना दिसला, तारखा नाहीत. दिनदर्शिका पुसली. पुन्हा तेच.

मी उजव्या डोळ्याने नेम धरतो.

म्हणजे गतवर्षी जुन्या दुर्बिणीत धुके नव्हते. मी अहवालात शपथपूर्वक लिहिले होते ते धुके मी स्वतः डोंगरावर वाहून नेले होते. त्या गेम्सबॉकची सरळ, भाल्यासारखी शिंगे झुडपांच्या वर हलताना शेवटची दिसली, ती आज दिवसभर दिसत आहेत. तीच तेवढी स्पष्ट!

डिटमारला लिहिलेले पत्र चुलीत घातले. चांगले पत्र होते.

२८ जून, शुक्रवार

डाव्या डोळ्याने, डाव्या खांद्यावरून प्रयत्न. बंदुकीचा खटका चुकीच्या बाजूला, माझा मेंदूही. सहांपैकी दोन झाकणात. गणिताध्यापकाला टक्केवारी काढायची इच्छा झाली नाही.

ठाऊक केवळ रोझविताला आहे, आणि ती बोलणार नाही. अगदी जवळ, चाळीस पावलांवर जाता आले, तर कदाचित साधेल. कदाचित. गेल्या वर्षीही मी कदाचित म्हणालो असेन, आता आठवत नाही.

१ जुलै, सोमवार

सासूबाई अंगणात उन्हाला बसल्या होत्या. चहा दिला. त्या माझ्या हाताकडे पाहत होत्या.

“किती दिवस झाले तू साखर बशीत टाकतोस.”

मी म्हणालो, हात थरथरतो, थंडी आहे.

“हात नाही थरथरत तुझा.” त्यांनी बशीतली साखर बोटाने पुसून चाटली. मग म्हणाल्या, “मागच्या वर्षी आम्ही अकरा होतो. आता नऊ. तुला काय, पुढच्या वर्षी मोजायला सोपं जाईल.”

त्या रागाने बोलल्या नाहीत. लहान पोराला हिशोब समजावून द्यावा, तशा बोलल्या.

२ जुलै, मंगळवार

रोझविताच्या घरी गेलो. नव्हती, गस्तीवर. तिच्या आईने शेळीच्या दुधाचे ताक दिले. दोन पेले प्यालो. धैर्य आले नाही, पोट भरले.

३ जुलै, बुधवार

पुन्हा गेलो. होती. काय बोललो ते लिहीत नाही. इतकेच लिहितो, की माझ्या आयुष्यातील ते सर्वांत अल्पाक्षरी भाषण होते, आणि एकही समास नव्हता.

तिने विचारले, “आणि मी चुकले तर?”

तर आपण दोघे थेंबांमागे चालू, मी म्हणालो. तुझे डोळे चांगले आहेत.

४ जुलै, गुरुवार

रोझविताने पोत्यांवरून, बसून, उभ्याने गोळ्या झाडल्या. मी मागे उभा राहून श्वास मोजत होतो, तिचे आणि माझे. माझे अधिक भरले. तिच्या मानेनुसार दुर्बीण कड्यांत बोटभर मागे घेतली. अर्धचंद्र उमटला नाही. मला उगाच थोडे वाईट वाटले.

५ जुलै, शुक्रवार

चारला सभा. सहा पानी निवेदन नेले होते, ‘दृष्टिदोषस्य कारणमीमांसा’ इत्यादी. उभा राहिलो आणि वाचता येईना. अक्षरे बारीक लिहिली होती. मग तोंडीच सांगितले. धुक्याचेही सांगितले.

कुत्रे सभागृहात येऊन परत गेले. एल्फ्रीडाबाईंनी लेखणी उचलली आणि विचारले, हे ठरावात लिहायचे की नाही. मी म्हणालो, लिहा. त्यांनी लिहिले. मग त्याच कागदाच्या खाली आणखी एक ओळ लिहिली. ऑगस्टमध्ये खोरिक्सासला डोळ्यांचे डॉक्टर येणार आहेत, त्या यादीत माझे नाव.

“चार पटीची होती म्हणून बरं, मास्तर,” त्या जाता जाता म्हणाल्या. “चोवीसची असती तर तुमची चूक केवढी दिसली असती.”

बाईंचे गणित सुधारत आहे!

६ जुलै, शनिवार

मंडळाच्या नोंदवहीतून उतरवितो. प्राणी: गेम्सबॉक, नर. अंतर: एकशे दहा पावले. गोळी: एक. चाळीस पावलांत पडला. नऊ घरी मांस पोहोचले, सासूबाईंच्या घरी काळीज. नेमबाज: रोझविता उइसेस.

बंदूक टेकवायची तिपायी काठी वाहून नेण्याचे पद मजकडे आले आहे. नेमबाज बाई चढावर फार भरभर चालतात. दोनदा सांगितले, दोनदा “बरं मास्तर” म्हणाल्या आणि आणखी भरभर चालल्या. काठीचा पट्टा डाव्या खांद्याला काचतो, उजव्यावर घेतला तर घसरतो. एल्फ्रीडाबाईंच्या कानावर घातले आहे. अद्याप उत्तर नाही.